आधी मी, मग शालिक

ट्रंक शालिकच्या डोक्यावर होती आणि मी त्याच्या मागून रिकाम्या हातानं चाललो होतो. जून संपत आला होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर वाढले होते, आठ-दहा दिवसांत ते उपटून शेतातल्या बांध्यांमध्ये रोवायचे होते. रोवण्याच्या तोंडावर घरातला एक तरणा माणूस कमी होणार असला की घरात जसं वातावरण असतं, तसं आमच्याकडे सकाळपासून होतं. कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. माय दारातच थांबली. मोठीमाय, म्हणजे शालिकची आई, मुर्रा-फुटाण्याची पुरचुंडी माझ्या हातात कोंबून लगेच आत वळली.

"अबे शेवक्या," ट्रंकेखालून शालिक म्हणाला, "गोटे भरले का बे याच्यात?"

"पुस्तकं हायेत."

"मंग अर्धी माहीच ना! तरी वजन लागून राह्यलं."

खरं होतं ते. आमच्या दोघांत पुस्तकांचा एकच संच होता. आम्ही चुलतभाऊ, तो माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, पण पहिलीपासून एकाच वर्गात. तो कायम पहिला. मी कुठेतरी मधे, कधी त्याच्याही खाली.

सिहोऱ्याहून तुमसरला जाणारी एस.टी. आली. शालिकनं टपावर चढून ट्रंक स्वतः बांधली, कंडक्टरला हात लावू दिला नाही. मोठेबाबा, त्याचे वडील आणि आमच्या घराचे कर्ते, खिडकीशी आले. ते म्हणाले, "जाय. चांगला राह्य. आन पुढच्या सालची शालिकची जागा धरून ठेव."

शालिक खालून ओरडला, "खिडकीपासची खाट पाय्‌जो माह्यासाठी!"

एवढीच माझी गाव सोडण्याची हकिकत. तुम्हा गाववाल्यांपैकी जे सिहोऱ्यात राहिलात त्यांना ही ठाऊकच आहे, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांची थोड्याफार फरकानं अशीच असेल. पण जागा धरून ठेवण्याचं पुढे काय झालं, हे मी कुणाला सरळ सांगितलेलं नाही. पुण्यातल्या माझ्या घरातही नाही.

आधी हे सांगायला हवं की त्या बसमध्ये शालिकच्या ऐवजी मी कसा होतो.

सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं ती. तुमसरच्या पलीकडे एका धनिकानं खाजगी निवासी शाळा काढली होती. तिथं मॅट्रिक झालेल्या निवडक मुलांसाठी एक वर्षाचा वर्ग असे. सगळे त्याला 'ऑनर्स' म्हणत. शाळेतच राहायचं, पण शिकायचं कॉलेजचं गणित, कॉलेजचं फिजिक्स, कॉलेजचं इंग्रजी. नागपूरच्या एका कॉलेजशी शाळेचा करार होता. त्यांचे पेपर आपण शाळेत बसून लिहायचे, पास झालो की ते वर्ष कॉलेजात जमा धरायचं आणि एकदम दुसऱ्या वर्षाला बसायचं. निवडलेल्या मुलांना राहणं-जेवण फुकट. आम्ही दोघं परीक्षेला बसलो. निवडलेल्यांत शालिक पहिला होता, मी शेवटचा.

दोघांना एकदम सोडणं घराला शक्य नव्हतं. माझे बाबा दम्यानं थकलेले, मोठेबाबांचं वय होत चाललेलं. एकानं आता जायचं, दुसऱ्यानं पुढच्या वर्षी. शाळेनंही ते मान्य केलं. मग आधी कोण?

मोठेबाबा गावच्या तलावाचं पाणी वाटायचं काम बघत. आमच्या तलावाची रीत अशी की पाणी सोडलं की ते आधी सगळ्यात दूरच्या, शेवटच्या बांधीला द्यायचं. तलावाखालच्या बांध्यांना पाळी येईपर्यंत थांबावं लागे, पण त्यांची कधी तक्रार नसे. कारण तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, जमिनीत ओल असतेच. मोठेबाबांनी हाच न्याय आम्हाला लावला. ओसरीवर सगळ्यांना बसवून ते म्हणाले,

"जवळच्याले झिरपूनबी भेटते. दूरच्याले देल्लं नाई तं भेटतच नाई. शालिक कुठंबी ठेवा, शिकतेच. शेवकरामले आत्ता नाई धाडलं तं थो राह्यलाच."

हे ऐकून मोठ्यानं हसला तो शालिक. "बराबर हाये," तो म्हणाला, "याले तं पाट खोदून पाणी न्या लागते." मलाही हसू आलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही मी तो निवाडा उलटसुलट करून बघतो आणि मला त्यात कुणाचा स्वार्थ सापडत नाही. स्वतःच्या मुलाला मागे ठेवून पुतण्याला पुढे करणारा माणूस होता तो. दोष द्यायला कुणी असतं, तर मी इतकी वर्षं गप्प बसलो नसतो.

शाळेत पहिले दोन महिने मी नुसता बुडत होतो. जेवणात दोन वेळा पोळी, भात नावापुरता; आम्ही भातावर वाढलेली पोरं पोट भरूनही उपाशी झोपायचो. मुलं नागपूरची, गोंदियाची, व्यापाऱ्यांची, डॉक्टरांची. मी 'मले' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी 'मले मले' करून चिडवायचं. इंग्रजीला थॉमस मॅडम होत्या, केरळच्या, वयानं आमच्याहून पाच-सात वर्षांनीच मोठ्या असतील. त्या हसू न आणता माझी वाक्यं सरळ करत आणि म्हणत, "अगेन, सेवकराम. स्लोली." त्यांच्यामुळे मला कळलं की हळू जाणं हा गुन्हा नाही.

आणि गणिताला पाठक सर. जबलपूरचे. तोंडात तंबाखू, कोटाच्या दोन्ही खिशांत खडू, आणि शिकवता शिकवता फळा संपला की दारावर लिहीत. कॉलेजातून निवृत्त होऊन इथं आलेले. आम्हाला ते कॉलेजचीच पोरं समजत. उत्तर बरोबर आलं की म्हणत, "ठीक है, अब बताओ ये ग़लत कब होगा?" मला त्यांनी एकदाच शाबासकी दिली, तीही अशी: "तू धीरे चलता है बेटा, पर रुकता नहीं. बैलगाड़ी भी जबलपुर पहुँचती है." वर्ग हसला. मी ती शाबासकी जपून ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी काही गणितं घरी दिली. त्यातलं एक असं होतं: कुंपणाची लांबी ठरलेली आहे, तर सगळ्यात मोठा चौकोनी तुकडा कसा घ्याल? आम्हाला ते कॅल्क्युलसनं करायचं होतं. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची कापणी चालू होती. खळ्यावर बसून मी वही काळी करत होतो. शालिक पेंढ्या टाकून आला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "काय बे, इतलं रडून काहून राह्यला?"

मी गणित सांगितलं. कॅल्क्युलस म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं काडीनं खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर चौरस काढला.

"ही सारख्या बाजूची बांधी. आता एक बाजू थोडी लांब कर. कुंपण तं तेवढंच हाये, मंग दुसरी तेवढीच आखूड झाली ना? पाय. इकडून कापलं थे लांब पट्टी, तिकडं जोडलं थे आखूड पट्टी. जेवढी लांबवशील, तितलाच एक लहान चौरस तुया हातून गेला. म्हणून सारख्या बाजूचीच मोठी. झालं."

असं म्हणून तो पुन्हा पेंढ्या आणायला गेला. मी ते वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहिलं, 'ही रीत माझ्या भावाची आहे.'

सरांनी वही वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग खुर्चीवरून उठून विचारलं, "ये भाई कहाँ है?"

"घरी, सर. धान कापून राह्यला."

आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, दिवाळीनंतर भरते. त्या दिवशी गावात पाहुणे मावत नाहीत, रात्री दंडारीचा नाच-नाट्याचा खेळ असतो, दिवसा जिलेबीची आणि पानाची दुकानं. पाठक सर मला बरोबर घेऊन त्या गर्दीतून चालत आमच्या घरी आले. शालिकला समोर बसवून त्यांनी तासभर प्रश्न विचारले. काही त्याला आले, काही नाही. जे आले नाहीत, त्यांच्यावर तो सरांनाच उलटे प्रश्न विचारू लागला. सरांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. माझ्याकडे बघताना तर कधीच नाही.

"भाईसाहब," ते मोठेबाबांना म्हणाले, "इसे आज ही मेरे साथ भेज दीजिए."

"गुरुजी, भारी धान उभा हाये. एक पोट्टा तुमच्यापाशी, एक माह्यापाशी. हा कुठं पयून चालला? पुढच्या साली न्या."

"पढ़ाई बैल नहीं है, कि खूँटे से बँधी खड़ी रहेगी."

"तुमी आमचे बैल पायले नाई गुरुजी," मोठेबाबा म्हणाले, "थेबी उभे नाई राहत." ओसरीवर सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी थोडं थांबून, माझ्याकडे न बघता विचारलं, "और अगर दोनों की अदला-बदली कर दें तो?"

मोठेबाबा काही बोलायच्या आत शालिक म्हणाला, "नाई जी. अर्ध्यावर पाणी तोडत नसते."

मी तिथंच होतो, खांबाला टेकून. 'करा अदलाबदल' असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. माझ्या म्हणण्यानं काही बदललं असतं का, हेही मला माहीत नाही. मोठेबाबा ऐकणाऱ्यातले नव्हते आणि शालिक तर नव्हताच. निघताना सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जून में. तेरी सीट पर कोई नहीं बैठेगा." सरांनी शब्द दिला होता, म्हणजे आता फक्त पावसाळ्याची वाट बघायची होती.

एप्रिलमध्ये आमचे पेपर झाले आणि त्याच महिन्यात सरांनी वर्गात येऊन फळ्याकडे पाठ करून सांगितलं, की हा वर्ग आता बंद. शिक्षणाची पद्धत बदलत होती. अकरावी मॅट्रिक जाऊन दहावी, मग दोन वर्षं, मग तीन, असा नवा आकृतिबंध यायचा होता. त्यात शाळेत बसून केलेलं कॉलेजचं वर्ष कुठं धरायचं, हे कॉलेजला ठरवता येईना, म्हणून त्यांनी करार मोडला. आमची तुकडी जमा धरणार. पुढची नाही. सर नागपूरला दोन चकरा मारून आले होते. त्यांनी सीट धरून ठेवली होती खरी, पण ती जिथं होती ती खोलीच राहिली नव्हती.

मी पास झालो. निकालात खालून दुसरा.

घरी गेलो तेव्हा अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि शालिक ती हातानं वरखाली करत होता. वास सगळीकडे भरला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

"पुरा बंद?"

"पुरा."

"आन तुयं?"

"माह्यं जमा झालं."

"झालं ना? मंग बेस झालं." आणि जी फुलं त्यानं आत्ताच वरखाली केली होती, तीच तो पुन्हा करत बसला.

मोठेबाबांनी फार मनावर घेतलं नाही. "शालिक नागपूरले कालेजात जाईन पहिल्यापासून," ते म्हणाले. "एक साल जाईन. जाऊ दे." जूनमध्ये आम्ही दोघंही जाणार असं ठरलं, घर माणूस लावून रोवणा करणार होतं. मृगात मोठेबाबांचं उजवं अंग गेलं. एका सकाळी ते खाटेवरून उठलेच नाहीत, नुसते बघत राहिले. वाचाही गेली. त्यानंतर शालिकच्या कॉलेजचा विषय आमच्या घरात कुणी काढला नाही. बंदी नव्हती. पण जो माणूस विषय काढायचा तोच मुका झाला होता. त्या वर्षी माझी ट्रंक मी स्वतःच बसपर्यंत नेली. शालिक चिखलात होता.

नागपूर, मग एम.एस्सी., मग पुण्यात कॉलेजात नोकरी. ऐंशीच्या आधीच मी पुणेकर झालो. सोसायटी, गॅसचा नंबर, स्कूटर, शनिवारी मंडईतून भाजी. इथं मंडई म्हणजे भाजीबाजार, हे जिभेला बसायलाच वर्ष गेलं. 'जाऊन राहिलो'चं 'जातोय' झालं, 'काहून'चं 'का' झालं. बायको इथलीच. मुलं मला हसतात, कारण फोनवर गावचं कुणी आलं की मी एकदम मोठ्यानं आणि वेगळ्या भाषेत बोलू लागतो. फोन ठेवला की पुन्हा यांचा बाबा होतो.

वर्षातून एकदा गावी जायचो. दर वेळी शालिकला म्हणायचो, बाहेरून परीक्षा दे, पुस्तकं पाठवतो. पाठवलीही. तो म्हणायचा, "हाव, पायतो." पुढच्या वर्षी ती पुस्तकं फळीवर तशीच असायची, धूळ मात्र पुसलेली. मी मनात म्हणायचो, त्याला वेळ नाही एवढंच; डोकं जागच्या जागी आहे, उद्या बसला तर आम्हा सगळ्यांना मागे टाकेल. मोठेबाबा जे बोलले होते त्यावर माझा त्यांच्याइतकाच विश्वास होता. तसा तो नसता तर मला पुण्यात झोप लागली नसती.

मग शहाऐंशीच्या सुमारास तो पुण्याला आला. माझ्या बाबांना दम्याच्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन आला होता. बाबा घरी झोपले होते, मला कॉलेजला जायचं होतं. तो म्हणाला, "चाल, मीबी येतो. तू काय शिकवतं थे पायतो."

मागच्या बाकावर बसला, पांढरं धोतर, पांढरी टोपी मांडीवर. पहिल्या वर्षाचा वर्ग होता आणि त्या दिवशी लिमिट शिकवायचं होतं, पाठक सरांनी आम्हाला ऑनर्सच्या पहिल्या महिन्यात शिकवलं तेच. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि त्याच्यासाठी मराठीवर आलो. पोरं एकमेकांकडे बघू लागली. सुरुवातीला तो पुढे वाकून ऐकत होता, खळ्यावर बसायचा तसा. मग एका पायरीशी त्याच्या कपाळावर आठी आली. मी ती पायरी पुन्हा केली. उदाहरण बदललं. तिसऱ्यांदा केली, इतकी सोपी की पहिल्या बाकावरची मुलगी जांभई देऊ लागली. आठी गेली नाही. मग ती गेली, पण समजलं म्हणून नाही. त्यानं सोडून दिलं होतं. तो वर पंख्याकडे बघू लागला.

शालिकला समजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला येत होतं ते त्याला आलं नाही. आणि आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला बसलो ते हे, की मला त्या क्षणी बरं वाटलं. क्षणभरच. खडू हातात होता आणि मनात आलं: म्हणजे मी काही अगदीच कमी नव्हतो तर! पुढच्याच क्षणाला कळलं की मी काय बघतोय. ओल कायम राहते, हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. ती आटली होती. कधी आटली, कुठल्या वर्षी, हे कुणी बघितलंही नव्हतं, कारण सगळ्यांची खात्री होती की तिथं बघायची गरज नाही.

घंटा झाली. बाहेर व्हरांड्यात तो म्हणाला, "मस्त शिकवतं गा. पंखेबी भल्ले मोठे हायेत तुया वर्गात." मी 'समजावून सांगतो' म्हटलं असतं तर ते आणखी वाईट झालं असतं. वाटेत आम्ही रस प्यायलो, त्यानं त्याच्या धाकट्या मुलीसाठी प्लास्टिकची बाहुली घेतली. दोन दिवसांनी तो बाबांना घेऊन परत गेला. फळीवरची पुस्तकं त्यानं त्या वर्षी गावच्या शाळेला देऊन टाकली. हे मला त्यानं सांगितलं नाही, मोठीमायनं सांगितलं.

त्यालाही आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीत गावी होतो. मोठेबाबा केव्हाच गेले, बाबाही गेले. ओसरीवर मी आणि शालिक बसलो होतो. त्याची मोठी मुलगी सातवीत आहे. ती वही-पुस्तक घेऊन आली, त्याच्याशेजारी मांडी घालून बसली, रोज बसत असावी तशी. गणित अगदी साधं होतं. असली गणितं तो बैल हाकता हाकता करायचा.

"बाबा, हे सांगा ना जी."

"काकाले विचार," शालिक म्हणाला. "थे प्रोफेसर हायेत."

"पण तुमीच तं रोज सांगता."

"आज काकाले विचार ना माय." तो हसला, उठला, आणि बैलांना पेंढी टाकायला म्हणून गोठ्याकडे गेला.

मी तिला सांगितलं. पोरगी चटकन समजली. माझ्या अर्ध्या वाक्यावरच तिचा हात पुढे चालू लागला. पाच मिनिटांत पुस्तक मिटून ती खेळायला पळाली. ओसरीवर मी एकटा राहिलो. बैलांना पेंढी टाकायला एवढा वेळ लागत नाही, हे मला माहीत होतं. मला आता पाहुण्यासारखं अहोजाहो करणाऱ्या मोठीमायनं आतून विचारलं, "अजी, तुमी एकटेच काहून बसून राह्यले? आत या ना."

मी म्हणालो, "येतो. शालिकले येऊ दे."

तुम्ही मला विचारता, आता घर कुठलं, पुण्याचं की सिहोऱ्याचं. पुण्यात माझं सगळं आहे. पण वाट बघत बसावं असं कुणी तिथं नाही. सिहोऱ्याला ती ओसरी आहे, आणि तिथं बसलो की तो परत येईपर्यंत मला उठता येत नाही.